मेसेजमध्ये नाव नव्हतं

वटारचे भावोजी जिवंत आहेत. गेले ते आमचे धाकटे भावोजी.

सकाळी फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज माझा होता.
"भावोजी गेले. देवाची इच्छा."

एवढंच. माझं लिहिणं नेहमी हिशेबापुरतं. शिवाय आमच्यात सून दिराचं नाव घेत नाही, वयाने लहान असला तरी. मला दीर दोन. दोघांनाही भावोजीच म्हणते.

हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या उभ्या मेसेज टाकला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

वटारचे भावोजी थोरले. ते वाडीत केळी उतरवायला गेलेले, फोन घरी. लोक परस्पर त्यांच्याच दारात पोचले. हार घेऊन.

जाऊबाई मंगळसूत्र मुठीत धरून ओटीवर बसल्या.

भावोजी खांद्यावर घड घेऊन आले, अंगणातली गर्दी बघितली आणि त्यांनीच विचारलं, "कोन गेलं?"

मग मला फोन. "सुनंदा, कोन गेलं?"

तेव्हाही माझ्या तोंडून नाव निघेना. "धाकटे," म्हटलं.



धाकटे भावोजी आमच्याकडेच बोळिंजला राहायचे. लग्न केलं नाही. कॉम्प्युटर कंपनीत होते. प्रिंटर, कॅमेरा, कीबोर्ड, प्रत्येकाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. काही बिघडलं की तो लॉगमध्ये एक ओळ लिहून ठेवतो. या सगळ्यांच्या ओळी एकाच फॉरमॅटमध्ये याव्यात, हे त्यांचं काम.

तांदूळ निवडता निवडता मी चिडवायची. "आज किती ओळी सरळ केल्या, भावोजी?"

"वहिनी, एक लिहितो 'फेल'. दुसरा लिहितो 'चालत नाही'. अरे, कोण चालत नाही? शोधणाऱ्याने काय सगळं उघडून बघायचं? आधी नाव. मग काय झालं. मग कशामुळे. वेळ मशीन आपोआप टाकतं."

"म्हणजे तुम्हाला नाव घ्यायचा पगार मिळतो."

"हो. तुम्ही उखाण्यात फुकट घेता."

माझ्या सकाळच्या मेसेजवरही वेळ आपोआप आली होती.
नाव तेवढं मी टाकायचं होतं.

दुपारी पुरुष स्मशानात गेले, तेव्हा घरी जाऊबाईंसमोर मान वर करवेना. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
त्यांनी पेला पुढे केला. "पानी पी. सकाळपासून काय घेतलं नसशील."
त्यांच्या मंगळसूत्राचा एक पदर तुटला होता. दोऱ्याने बांधलेला.

सुतक आहे, देवाला हात लावता येत नाही. नाहीतर तिथेच डोकं टेकून बसले असते. मेसेजमध्ये देवाची इच्छा लिहिली. ती त्याची असेल. हा गोंधळ माझा.

वटारला धावलेल्या सगळ्यांची माफी मागते. जाऊबाईंची कशी मागायची ते अजून कळत नाही.

भावोजी, आज नाव घेते. राग मानू नका.

सुधीर.
आज पहाटे गेले.
हार्ट अटॅकने.

बरोबर लिहिलं ना?

तुमच्या वहिनीचा शेवटचा नमस्कार.