काट्याचा निरोप्या

आमच्या घरात वहिनी आणि आबा, म्हणजे माझे वडील, एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच तशी. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. मधे मी, नणंद. "तिला म्हणावं, चहा टाक." "वन्सं, त्यान्ला सांगा, साखर संपली." आणि तिघंही एकाच खोलीत! निरोप पोचवून पोचवून माझा जीव मेटाकुटीला यायचा.

वालूरला घराला लागूनच आमचा भरल्या गाड्या तोलायचा वजनकाटा आहे. ऐन सोयाबीनच्या तोंडावर काट्याचा जुना कॉम्प्युटर जळाला आणि नवा आणावा लागला. वजनाची पावती छापणारा प्रोग्राम वहिनींनी पायथनमध्ये झकास लिहिला. पण काट्याकडून आकडा आणायचा तर जुनी, सी भाषेतली लायब्ररीच हवी, म्हणजे काट्याशी बोलणारा तयार कोड. काटा बनवणाऱ्यांनी दुसरी कधी काढलीच नव्हती. वहिनींनी ती बोलावली की प्रोग्राम आडवा पडायचा. लायब्ररी बत्तीस बिटांची, प्रोग्राम चौसष्ट बिटांचा. एका ताटात जेवायला दोघंही तयार नाहीत.

पहिला ट्रॅक्टर दारात आला तरी तेच. आबा मला म्हणाले, "तिला म्हणावं, गाड्या देवगाव फाट्याच्या काट्याला जायल्यात. आज जमलं न्हाई तर हा कॉम्प्युटरचा नाद सोड."

मी निरोप द्यायला वळले, तर वहिनी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मला रागच आला. इथं तुमच्या कामावर गदा यायची वेळ, आणि हसता कसल्या?

"वन्सं, ह्या दोघान्ला एका ताटात बसवायचा हट्ट कशापायी? तुमच्यासारखं एक मधी बसवते की."

आणि त्यांनी खरंच सीमध्ये एक चिमुकला, बत्तीस बिटांचा प्रोग्राम लिहिला. त्यानं लायब्ररीला वजन विचारायचं आणि नव्या प्रोग्रामला जाऊन सांगायचं, बस्स. ज्या रीतीला मी जन्मभर शिव्या घातल्या, तिचं या बाईनं यंत्र केलं! मला त्यांचा लय अभिमान वाटला.

ट्रॅक्टर काट्यावर चढला. पडद्यावर वजन आलं, पावती सरसर बाहेर पडली.

आबांनी ती उलटसुलट करून पाहिली. मी सवयीनं निरोप घ्यायला पुढं झाले. त्यांनी मला हातानंच बाजूला सारलं.

"पोरी," ते थेट वहिनींना म्हणाले, "कसं केलंस, मला बी दाव की."

वहिनींनी पदर सावरून दुसरी खुर्ची ओढली. "बसा, मामा."

चहा टाकायला मी गेले, कुणी न सांगता.