कासवासाठी स्थळ

मी एका कासवाला एकादशी करायला लावली होती. कबूल करून टाकते, कारण माझ्या माघारी घरातले सगळे ही गोष्ट सांगतातच, आणि तिखटमीठ लावून सांगतात.

तेव्हा मी नुकती शाळेतून निवृत्त झाले होते आणि जगातलं सगळं ज्ञान आपल्याकडे आहे अशा समजुतीत होते. रंगीत मासे विकणाऱ्या एका दुकानात रुपयाएवढी हिरवी कासवं दिसली, कानापाशी लाल पट्टा असलेली. मनात आलं, आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आमच्या काशीतल्या दुर्गाघाटच्या घरात देवापुढे काहीच नाही. मग दगडाचं कशाला, जिवंतच ठेवू! बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, त्यातलं एक आणलं, तांब्याच्या परातीत गंगाजल घालून देवघरात ठेवलं आणि रोज दहीभात वाढला. एकादशीला साबुदाणा. ते तोंड फिरवायचं. मी आल्यागेल्याला सांगायचे, "बघा, किती विरक्त आहे!" माझी नात चोरून माशांचे दाणे टाकत होती म्हणून ते विरक्त जिवंत राहिलं, हे मला फार उशिरा कळलं.

एके दिवशी पाणी बदलताना त्याची पाठ बोटाखाली दबली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. डब्यात घालून तशीच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, नात बरोबर. डॉक्टरांनी त्याला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "माताजी, इसको धूप दिखाती हैं?"

"जी, सुबह-शाम," मी म्हटलं. "आरती के बाद."

नात कपाळावर हात मारून म्हणाली, "आजी! धूप मतलब ऊन!"

जन्म काशीत गेला, लोणच्याच्या बरण्यांना मी गच्चीवर दरसाल धूप दाखवते. पण देवघरातल्या जिवाचं विचारलं, तर मला उदबत्तीच्या पुढचं काही सुचलंच नाही.

डॉक्टर आधी हसले, मग चांगलं खडसावलं. याला रोज अंगावर ऊन लागतं, पोहायला स्वच्छ पाणी लागतं, वर चढून कोरडं व्हायला दगड लागतो. खायला किडे, गांडुळं, थोडा पाला. ऊन नाही म्हणून कवच मऊ पडलंय, आणखी महिनाभर असंच ठेवलं असतं तर हातचं गेलं असतं. मी हळूच म्हटलं, "तो गंगाजी में छोड़ दूँ?" आमच्याकडे जे झेपत नाही ते गंगेत सोडायची रीत. ते म्हणाले, "भूलकर भी नहीं. ये बाहर का है, हमारे कछुओं का खाना छीनेगा, बीमारी भी देगा."

मग परातीची सुट्टी झाली. गच्चीवर टब आला, टबात दगड आला, आणि शेजारी वानरांसाठी काठी घेऊन मी. दहीभात वाढणारे हात गांडुळं धुऊ लागले. काही महिन्यांत कवच खणखणीत झालं. पण पुढच्या काही वर्षांत कासव वाढून ताटलीएवढं झालं आणि माझे गुडघे गच्चीला नाही म्हणू लागले. आमच्या गल्लीत ऊन गच्चीखाली उतरतच नाही. नात शिकायला बाहेरगावी गेलेली. दोन दिवस मला जिना चढवला नाही, की पुन्हा ती मऊ पाठ माझ्या बोटांना आठवायची. शेवटी ठरवलं, याच्यासाठी स्थळ बघायचं.

पहिलं स्थळ साड्यांच्या दुकानदाराचं. त्यांना ते काचेच्या वाडग्यात, उत्तर दिशेला, बरकतीसाठी हवं होतं. "हे वीस-तीस वर्षं जगतं," असं सांगितल्यावर ते म्हणाले, "इतना?" आणि पितळेचं घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या बाईंना मुलाच्या वाढदिवसाला द्यायचं होतं. मी विचारलं, "मुलाचं मन उडालं तर?" त्या म्हणाल्या, "तो गंगाजी तो हैं ही." मी चहा संपवला आणि उठले.

तिसरी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, नोकरीसाठी सोलापूरहून आलेली. तिथे मी प्रश्नांची यादी घेऊन गेले, तर तिनेच माझी परीक्षा घेतली. काय खातं? पाणी कितीदा बदलता? कवच कधी मऊ पडलं होतं का? मला साबुदाण्यासकट सगळं ओकावं लागलं. ती हसली नाही, वहीत लिहून घेत होती. तिची गच्ची वरूनही जाळीबंद, टाकी माझ्या न्हाणीघराएवढी. एक कासव आधीचं होतं, पण या दोघांना आधी काही आठवडे वेगवेगळं ठेवणार, म्हणाली. मला माझी यादी काढावीच लागली नाही.

पाठवणी झाली. पण पाच दिवस कासवाने तोंड उघडलं नाही. नव्या जागी असं होतं, असं ती सांगत होती; मी मात्र सकाळ-संध्याकाळ फोन करत होते आणि मनात स्वतःला शिव्या घालत होते. सहाव्या दिवशी सकाळी फोन लावला, तर मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "काकू, दोन गांडुळं खाल्ली, पाणी घाण केलं आणि आता मागच्या तंगड्या पसरून उन्हात पडलंय. ठेवा आता फोन, मला तासाला जायचंय."