शिमोनभाऊंचा पहिला शुक्रवार

नवा शिक्षक म्हणून मी लोणावळ्यात आलो, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारची ही गोष्ट. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, चालू होती आणि मी चर्चच्या खिडकीतून बाहेर पाहत होतो. समोरच्या डोंगरावरून धुके उतरत होते आणि शाळेत पाठ केलेली एक कविता आपसूक ओठांवर आली होती. वेदीवर धर्मगुरूंनी भाकर उंच धरली, घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर गेले. मी आपला धुक्यातच. एवढ्यात मागून कोणीतरी माझा सदरा ओढला.

"मास्तर, घंटा झाली."

"अं?"

"शाळेची न्हवं, हितली. धुकं काय, दुपारीबी असंल. हिकडं बघा कोन आलंय."

मी वळून पाहिले. मालगाडीवर गार्ड असलेले शिमोनराव साळवे ड्यूटीवरून थेट गणवेशातच आले होते. फलाटात शिरणाऱ्या गाडीच्या दारात आपले माणूस दिसावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आमची ओळख झाली ती अशी. आणि माझा हेवाही सुरू झाला तो तिथेच. या गौरवग्रंथात शिमोनभाऊंच्या गुणांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांचा सर्वांत जुना मत्सरी आहे, तेव्हा त्या अधिकाराने लिहितो.

आम्हा कॅथोलिकांची श्रद्धा अशी, की मिस्सेत धर्मगुरूंनी प्रभूचे शब्द उच्चारले की वेदीवरची भाकर ही भाकर उरत नाही. रंग तोच, चव तीच. पण तिथे असतो तो स्वतः ख्रिस्त, अवघाच्या अवघा. लहानपणी मी हे घोकले होते आणि धर्मशिक्षणात पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. शिमोनभाऊंनी ते घोकले असेल असे मला कधी वाटले नाही. शेजारच्या घरात कोण राहते हे आपल्याला ठाऊक असते, तसे त्यांना ते ठाऊक होते.

एकदा तुंगार्लीच्या तळ्याकाठी फिरताना मी त्यांना छेडले. म्हटले, "भाऊ, कवी चंद्रात प्रियेचे मुख पाहतो. आपल्या वेदीवरच्या भाकरीचेही तसेच काहीसे असेल ना?"

"मास्तर, तुमच्या कवितेतला चंद्र आजारी मानसाच्या उशाशी नेऊन ठेवता येतो का?"

"नाही बुवा."

"मग न्हाई तसं." एवढे बोलून त्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली. वाद संपला. मी मात्र घरी येऊन रात्री जेवलो नाही.

निवृत्तीनंतर फादरांनी शिमोनभाऊंना एक सेवा दिली. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, ज्यांना चर्चमध्ये येणे जमत नाही अशा रुग्णांच्या घरी पवित्र कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली तीच भाकर, न्यायचे. झाकणाची एक लहानशी सोनेरी डबी, ती कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात, आणि वर उजवा तळहात. अशा वेळी वाटेत थांबायचे नाही, गप्पा मारायच्या नाहीत, हा आमचा जुना रिवाज. पण मावळात हाक मारल्यावर माणूस बोलला नाही तर त्याला शिष्ट म्हणतात. पहिल्याच महिन्यात कुसगावच्या फाट्यावरच्या चहावाल्या मावशी रागावल्या. शिमोनभाऊ दुपारी मुद्दाम त्यांच्याकडे गेले.

"मावशी, सकाळी बोललो न्हाई, राग मानू नगा. बरोबर साहेब हुते."

"कुटलं साहेब? रिक्षात तर तुमी एकलंच दिसला."

"दिसायला एकलाच."

मावशींनी मान डोलावली आणि चहा दिला. तेव्हापासून पहिल्या शुक्रवारी त्यांना हाक मारायचे लोकांनी सोडून दिले. बाळू रिक्षावाला तर भाऊ बसले की आपण होऊन गाणे बंद करू लागला. दुसऱ्या एखाद्या प्रवाशाने हात केला की सांगायचा, "आज शीट न्हाई, साहेब हायत." पस्तीस वर्षे मी या गावात कविता शिकवली, माझ्यासाठी कोणी गाणे बंद केले नाही.

इथवर हेवा सोसण्याजोगा होता. पुढे आमच्या सौ. मार्था यांना अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, आणि शिमोनभाऊंच्या वाटेवर आमचे कुसगावचे घर आले.

मी रोज संध्याकाळी मार्थाजवळ बसून कविता म्हणतो. शाळेतल्याच, चालीसकट. दुसऱ्या कडव्याला तिचा डोळा लागतो. पण पहिला शुक्रवार उजाडला की तीच मार्था पहाटे जागी! शेजारच्या शेवंताबाईंना बोलावून वेणी घालून घ्यायची, अबोली रंगाचे पातळ नेसायचे, उशाशी स्टुलावर पांढरे कापड आणि मेणबत्ती. मी चहा आणला तर, "अहो, ठेवा तो. ते आल्यावर घेऊ." हे 'ते' मला टोचायचे. एकदा मी म्हणालोही, "माझ्यासाठी इतक्या वर्षांत कधी आरसा मागितला नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही कुठे बाहेरून येता? तुम्ही घरातच असता."

एका शुक्रवारी सुट्टीला जोडून आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला. शिमोनभाऊ रिक्षातून उतरले आणि उन्हात चालत निघाले. गाडीतल्या एका तरुणाने काच खाली करून त्यांना धबधब्याचा रस्ता विचारला. बोलायचे तर नव्हते, आणि वाट विचारणाऱ्याला तसेच सोडणे त्यांच्या स्वभावात नाही. उजवा हात छातीवर तसाच ठेवून त्यांनी डाव्या हाताने वळणे दाखवली, आणि तो नीट समजेपर्यंत उभे राहिले. घामाने भिजून आमच्याकडे पोहोचले, गुडघ्यावर हात दाबत पायऱ्या चढले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी मानेनेच आधी खोलीकडे खूण केली. सगळे आटोपल्यावर मग पाणी प्यायले, आणि अंगणात माझ्याजवळ बसून मार्थाच्या औषधांची चौकशी केली. अशा माणसावर रागावताही येत नाही, हा आणखी एक जाच.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा पारच गेला. ही सेवा आता कोणाकडे द्यावी, असा फादरांना प्रश्न पडला. शिमोनभाऊंनी माझे नाव सांगितले. मी चकित झालो. फादरांनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "मास्तरांच्या घरात वाट बघनारं मानूस हाय. दाराच्या आतनं वाट बघनं कसं असतं, ते त्यांना ठाऊक हाय."

मग माझा पहिला शुक्रवार आला. बाळूने गाणे बंद केले. मावशींनी हाक मारली नाही. उजवा तळहात मी छातीवरच्या डबीवर धरला होता, आणि खरे सांगायचे तर त्या सबंध वाटेत एकही कविता आठवली नाही. आमचे घर मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. मनात आले, आज वेणी आणि अबोली पातळ माझ्यासाठी.

मार्था उशीला टेकून बसली होती. मी मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली. "ख्रिस्ताचे शरीर." "आमेन." तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. गालावर ओघळ आला, तोही तिने पुसला नाही. मग डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अगंबाई, तुम्ही होय! माझं लक्षच नव्हतं."

मी स्टुलाशेजारी खाली बसलो. इतकी वर्षे ज्यांचा मत्सर केला त्या शिमोनभाऊंचीही गत तीच झाली असणार. मार्थाने त्यांच्याकडे धड पाहिलेही नसणार. वेणी, पातळ, ताटकळलेला चहा, सगळे ज्याच्यासाठी होते, तो डबीतून येत होता आणि खरोखर येत होता. आता मत्सर करायचा तर थेट प्रभूचाच करावा लागेल, आणि या वयात ती छाती माझ्यात नाही.

हे मी शिमोनभाऊंना सांगितले. वाटले, थोडे खट्टू होतील. ते गुडघा धरून हसले. "मास्तर, तिचं लक्ष तुमच्याकडं गेलं न्हाई, म्हंजे काम बरुबर झालं." घ्या! जे समजायला मला आयुष्य गेले, ते यांना आधीच ठाऊक. हेवा करायला पुन्हा जागा झालीच.

हल्ली माझ्या वाटेवर तुंगार्लीचे एक घर वाढले आहे. पहिल्या शुक्रवारी शिमोनभाऊ सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसतात. मी आत शिरतो तेव्हा त्यांची नजर माझ्या छातीवर असते. आणि चेहरा तोच, फलाटावरचा.

शिमोनभाऊ, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो. गुडघा लवकर बरा होवो. तळ्याकाठी आपण दोघांनी पुन्हा फिरावे, शेंगा खाव्यात, मी कविता म्हणाव्यात आणि तुम्ही त्या सोसाव्यात. चर्चच्या पायऱ्या तुम्ही काठीवाचून चढाव्यात अशी माझी रोजची प्रार्थना आहे. फक्त बरे झाल्यावर शुक्रवार परत मागू नका. तो आता मी देणार नाही.