गुणाजीचं हिरवं घड्याळ

गुणाजी परबची बोटं मेली होती, आणि हे कोणाला पटत नव्हतं. मुलुंडच्या जुन्या सोसायट्या पाडायच्या कामावर बावीस वर्षं काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवलेला माणूस तो. सकाळी बोटं पांढरीफट्ट पडायची, चहाचा ग्लास हातातून निसटायचा, शर्टाची बटणं बायको जानकी लावायची. "माका ब्रेकरवरून काढ रे, गेटवर बसव," असं तो मुकादम नंदकिशोरला वर्षभर सांगत होता. नंदकिशोरचं एकच पालुपद, "वय झालं गुणाजी. तंबाखू सोड." अरे, तंबाखू तोंडात, मरतात बोटं! पण त्याला सांगणार कोण?

मग कंपनीने मनगटावर बांधायची यंत्रं आणली, घड्याळासारखी. ब्रेकरचे हादरे हातात किती जातात ते मोजायचं आणि प्रमाणाबाहेर गेले की रिपोर्टात नाव लाल, नाहीतर हिरवं. सेफ्टीच्या श्रुतिका मॅडमनी हे समजावलं तेव्हा गुणाजीला केवढा आनंद झाला! "माझ्यावर इस्वास नाय ना," तो घरी येऊन जानकीला म्हणाला, "आता घड्याळच सांगतलां."

पण माशी शिंकली ती पट्ट्यापाशी. बारीकशी पिन, इवलंसं भोक. रोज सकाळी साइटवरच्या पेटीतून उचलायचं, ज्याचं त्याने बांधायचं. मेल्या बोटांना पिनही कळेना आणि भोकही. पहिल्या दिवशी शेजारी काम करणाऱ्या प्रीतमने बांधून दिलं तर सगळे खिदळले, "नवरदेवाला घड्याळ घाला रे!" गुणाजी ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ गुपचूप शर्टाच्या खिशात. हादरे काय, छातीपर्यंत येतातच की, अशी त्याने स्वतःची समजूत काढली.

महिन्याने रिपोर्ट आला. गुणाजी परब, हिरवा! नंदकिशोरने सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. "बघ, हात ठणठणीत आहेत तुझे. सोमवारपासून मोठा ब्रेकर तुझ्याकडे, खांब फोडायला." गुणाजीच्या डोक्यात तिडीक गेली. राग तरी कोणाचा करायचा, घड्याळाचा की आपल्याच लाजेचा?

तो तडक श्रुतिकाच्या केबिनमध्ये गेला. "बाये, तुझा यंत्र खोटा बोलता."

"काका, रोज बांधत होता ना?"

गुणाजीचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

"आत्ता बांधा बघू माझ्यासमोर."

त्याने बांधायला घेतलं. पिन एकीकडे, भोक भलतीकडे. पट्टा सुटला, पुन्हा सुटला. कपाळावर घाम आला. शेवटी घड्याळ खाली पडलं आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस खुर्चीत मटकन बसला. "नाय जमणा गो. खिशात ठेवी होतंय," तो म्हणाला. मान काही वर करवेना त्याला.

श्रुतिका घड्याळ उचलून बाहेर आली. ब्रेकरवरच्या चौदाही जणांना उभं करून तिने आपापलं घड्याळ आपल्या हाताने बांधायला लावलं. अकरा जणांनी बांधलं. गुणाजीसकट तिघांना जमलं नाही; बाकीचे दोघेही घड्याळ खिशातच ठेवत होते. तिने रिपोर्ट उघडला. सगळ्यात कमी हादरे लागलेली माणसं म्हणून त्याच तिघांची नावं वर होती.

"मॅडम, रिपोर्ट हेड ऑफिसला गेलाय," नंदकिशोर कुरकुरला. "आणि सोमवारी मोठा ब्रेकर कोण धरणार?"

"ज्याला हे बांधता येतं तो. आणि रिपोर्ट परत मागवा."

गुणाजी आता गेटवर बसतो. गाड्यांचे नंबर लिहायला दिलेत, पण पेन बोटांत ठरत नाही. शर्टाची बटणं अजून जानकीच लावते.