मेलेली लस आणि सक्तीचा हुकूम

पोलीस जवानाने दार ढकललं तेव्हा गिरजा लेकीला पोटाशी धरून कणगीमागे बसली होती. तिचा नवरा केरबा मेंढरं घेऊन रानात गेलेला. लेक तीन-चार वर्षांची, नाव ठकी. जवानाने तिचा दंड धरला, मी टोचलं. पोर रडून लालबुंद झालं.

राणीसावरगावच्या पलीकडच्या धनगरवस्तीवरची ही गोष्ट. मी व्हॅक्सिनेटर होतो. लोक 'देवी डाक्टर' म्हणत. देवीच्या रोगाची लस टोचणं एवढंच माझं काम. काचेच्या बारीक नळीतला लसीचा थेंब दंडावर टाकायचा आणि दातेरी चकतीने कातडी खरवडायची. आठवड्याभरात तिथे फोड उठला की लस लागली. फोड नाही उठला, तर टोचणं वाया.

शेजारच्या गावात देवीची साथ आली होती. तालुक्याच्या साहेबांचा हुकूम होता, "एकही पोर सुटता कामा नये. जवान सोबत न्या."

निजामाचं राज्य जाऊन फार काळ झाला नव्हता. बंदूकवाला दिसला की वस्तीतली माणसं पोरं घेऊन रानात पळत. टोचलेली पोरं सरकार पलटणीत नेणार, अशी बोलवा होती. आता राज्य आपलं आहे, असं मी सांगत होतो.

"आपलं हाय तर मग जवान कशाला आनला?" एका म्हातारीने विचारलं.

आठवड्याने मी फोड बघायला गेलो. पहिल्या पोराचा दंड साफ. दुसऱ्याचाही. ठकीच्या दंडावर नुसता ओरखडा. लस उन्हात तापली की मरते.

तालुक्याला जाऊन साहेबांना सांगितलं, "साहेब, लस मेलेली वाटते. एकालाही फोड नाही."

"तुमचा हात चुकला असेल," साहेब माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "टोचलंत ना नक्की?"

"जवानाला विचारा."

लस रेल्वेत तापली, मोटारीत तापली की आमच्याच कचेरीच्या पत्र्याखाली, हे कोणी कबूल केलं नाही. मलाही सगळ्यांचाच संशय येत होता. नवी लस मात्र मिळाली. ती ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात घालून मी वस्तीवर नेली. जवान नेला नाही.

"मागची लस खराब निघाली," मी सरळ सांगितलं. "पुन्हा टोचावं लागेल."

केरबा त्या दिवशी घरी होता. "म्हंजे जबरीनं टोचलं ते फुकट गेलं? मग ही चांगली कशावरून?"

"आधी एकालाच टोचतो. फोड उठला तर बाकीच्यांना."

पोलीस पाटलाने आपला नातू पुढे केला. त्याला टपोरा फोड उठला. मग एकेक करून लोक पोरं आणायला लागले. केरबाही तयार झाला होता, पण गिरजा दारातून हलेना.

"एकदा लेकराचं रगत काढून गेलाव. आता हात लावू देनार न्हाई," ती म्हणाली.

तालुक्याला नुसता निरोप धाडला असता तर जवान आला असता. मी तासभर समजावलं आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा तेच दार ढकलायला माझं मन होईना.

साथ वस्तीवर आली. ठकीला देवी आल्या. पोर जगलं, पण डावा डोळा गेला. बाकीच्या पोरांना काही झालं नाही.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा गिरजा तान्हं पोर घेऊन स्वतःच समोर आली. तिनेच त्याचा दंड पुढे धरला, मी टोचलं. मग म्हणाली, "डाक्टर, त्या टायमाला जवान का न्हाई आनला?"

"तूच नको म्हणालीस, माय."

"मी म्हनले. मी काय डाक्टर हाय?"



लहान मुलांना लस सक्तीची असावी का, असं पुढे नोकरीत अनेकांनी विचारलं. असावी, असंच मी सांगत आलो. फक्त हुकूम काढणाऱ्याने आधी नळीतली लस जिवंत आहे का ते बघावं. मेलेली लस जबरीने टोचली, की चांगल्या लसीला दार उघडत नाही.