बांधाला एक माणूस

आत्या कुठलंही पाणी आधी चाखायची. तळं असो, नदी असो, लग्नाच्या मांडवातला तांब्या असो, बोट बुडवून जिभेला लावायची आणि निकाल द्यायची: खारं किंवा गोडं. पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाआड जन्म काढलेल्या बाईला पाण्याची तिसरी जात ठाऊक नव्हती. त्यामुळे व्हेनिसला हॉटेलच्या दारात होडीतून उतरता उतरता तिने कालव्यात बोट बुडवलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. लाज मात्र वाटली. "खारं," ती म्हणाली. मग समोरच्या शेकडो वर्षांच्या इमारतीकडे बघून म्हणाली, "आन यात घरं बांधलीत. यांना कुनी सांगनारा नव्हता काय?"

तिला तिथे नेण्यात माझं प्रेम किती आणि मतलब किती, हे आधीच सांगून टाकतो. धाटावच्या कंपनीतून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती, आणि रोह्यात बसून मला हॉटेलमालक व्हायची स्वप्नं पडत होती. जागा आत्याची. तिचं भाताचं शेत खाडीला लागून होतं, आणि एका श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडून त्यात खारं पाणी शिरलं होतं. ती खांड बुजवावी, दोन-तीन पावसाळ्यांत खार धुऊन जाईल आणि पुन्हा भात लावता येईल, एवढं एकच आत्याच्या डोक्यात होतं. मुंबईच्या एका आर्किटेक्टने माझ्या डोक्यात उलटं भरवलं होतं. खांड तशीच ठेवायची, शेतातून पाण्याच्या वाटा काढायच्या आणि काठाने दहा खोल्या बांधायच्या. 'कोकणातलं व्हेनिस' हे नावसुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं. आता फक्त आत्याची सही हवी होती. घराला पाणी लागलं की किती शोभा येते हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती सही करील, असा माझा हिशोब होता. मूर्ख माणसाचे हिशोब नेहमी असे सरळ असतात.

हॉटेल लहान आणि देखणं होतं, असं जाहिरातीत होतं. लहान होतं, त्याबद्दल वाद नाही. खोलीत पलंग होता आणि पलंगाच्या कडेने आडवं सरकायला वाट होती. लिफ्ट नव्हती. भिंतींना पोपडे आले होते आणि त्या पोपड्यांवर मुद्दाम पिवळा दिवा सोडला होता. या जुनाट शोभेला काय म्हणतात ते आर्किटेक्टने मला सांगितलं होतं. आत्याने भिंतीवर नख फिरवलं आणि पांढरी भुकटी मला दाखवली. "खार चढलाय. आमच्यात सोयरीक जुळवायला पाव्हनं यायचं म्हंजे आधी चुना लावतात." सकाळच्या न्याहारीला चंद्रकोरीसारखा एक पाव मिळे, आत पोकळ. तो तिने दोन बोटांत दाबून बघितला आणि माझ्या ताटलीत ठेवला. मग पिशवीतून नेलेली तांदळाची भाकरी काढून लोणच्याशी खाल्ली, तीही त्या नक्षीदार खुर्चीवर मांडी घालून.

हॉटेलचा मालक घरातसुद्धा गळ्याला मफलर गुंडाळून असे. आत्या त्याला मफलरच म्हणायची. तो तिला 'मामा', म्हणजे त्यांच्यात आई, की असं काहीतरी म्हणून हात हृदयाशी न्यायचा. तिला त्याचा राग नव्हता, कीव होती. कालव्यातून गाणं म्हणत जाणारा नावाडी बघून तिने मला विचारलं, हा गातो ते ठीक आहे, पण मासे कधी धरतो? धरत नाही म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. त्या शहराचा निकाल लागला होता.

तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. आत्याने घरून दिनदर्शिकेचं पान फाडून आणलं होतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अमावास्या पंधरावी, त्या हिशोबाने तिने सव्वाअकराला पाणी येईल म्हणून आदल्या दिवशीच सांगितलं. मी ते मफलरला सांगितलंसुद्धा नाही. पाणी दहालाच आलं. "इथला समुद्र येळ पन पाळत नाय," ती म्हणाली, पण ते तोंडातल्या तोंडात, कारण तोवर ती उठली होती.

आम्ही न्याहारीला बसलो होतो. फरशीवर पाण्याची एक जीभ आली, मग दुसरी. मफलरने सावकाश गालिचा गुंडाळला, पाहुण्यांना गुडघ्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे बूट वाटले आणि लोक खिदळत फोटो काढू लागले. घरात खारं पाणी शिरतंय आणि माणसं हसतायत, हे आत्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिने पदर खोचला. दाराशी फुलझाडांच्या चार कुंड्या होत्या, त्या उपड्या केल्या, मातीत पाणी कालवून चिखल केला, सोफ्यावरच्या उशा आणून उंबऱ्यावर रचल्या आणि वरून चिखल थापायला लागली. थापता थापता तिने हाळी दिली. खारेपाटात खांड पडली की देतात ती. "बांधाला चला गो! बांधाला चला रं!"

त्या हाळीला घरटी एक माणूस माती वाहायची पाटी घेऊन धावतो, अशी आमची रीत आहे. तिथे कोणीच हललं नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पावाला लोणी लावत राहिलो. ही बाई कुणाबरोबर आली आहे, असा चेहरा मी केला होता, आणि तो मला अजून आठवतो.

आठवायला कारण आहे. तिच्या शेताची खांड पडली त्या सकाळीही मला तिचा फोन आला होता. "निघतो," म्हणालो होतो. शाळेची सहा वर्षं मी तिच्या घरी राहिलो, त्या शेतातला भात खाऊन वाढलो, म्हणजे तिच्या घरचा माणूस मीच. कंपनीत शिफ्ट आहे असं नंतर सांगितलं. शिफ्ट नव्हती. खांब गावात एका मित्राच्या फार्महाऊसवर मटण शिजत होतं आणि पाऊस फार होता. आत्याने त्या दिवसाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही.

हॉटेलातला तिचा बांध मात्र फसला. पाणी दारातून येत नव्हतंच, फरशीखालच्या मोरीतून वर येत होतं. ओहोटी लागली तशी बाहेरची गल्ली कोरडी झाली, आणि मोरीच्या तोंडाशीही तिचाच चिखल जाऊन बसल्यामुळे आमच्या हॉटेलात घोटाभर पाणी तुंबून राहिलं. मफलरने पहिल्यांदाच आवाज चढवला आणि उशा उपसल्या. आत्या बाजूला उभी राहून बघत होती. ओशाळली होती, पण त्या लोकांपुढे नाही, स्वतःच्या कामापुढे. "उघाडी ठेवायची राह्यली," ती मला म्हणाली. बांधाला पाणी बाहेर सोडायची झडप असते, ती. खिदळणारी मंडळी कधीच पांगली होती. त्या सगळ्या हॉटेलात पाण्याचं काम काय असतं हे कळणारी ती एकटी होती, आणि मी तिला अडाणी समजत होतो.

परत आल्यावर मी कागद पुढे केले. तिने ते चष्मा न लावताच परत दिले. "त्यांच्या पोटाला दुसरीकडनं येतं, म्हनून पानी घरात घेतात. तू आधी खांड बुजव, मंग सही मागायला ये." मी बुजवली नाही. ती थकेल, मग करील, अशी वाट बघत बसलो. ती थकली आणि दोन वर्षांनी गेली. सही केली नाही, पण शेत माझ्याच नावावर ठेवून गेली. तोवर त्यात कांदळवन माजलं होतं, आणि कांदळवनाला हात लावायला कायद्याची बंदी. आता तिथे भात होणार नाही आणि हॉटेलही होणार नाही. आर्किटेक्टने फोन उचलणं बंद केलं.

मागच्या भाद्रपदात गावच्या ग्रुपवर निरोप आला, शेजारच्या बांधाला खांड पडली आहे, चला. हल्ली घरटी कोणी येत नाही, निम्मं गाव कंपनीत असतं. मी रोह्याहून मोटारसायकल काढली. का काढली ते मला सांगता येणार नाही. आत्याची फार आठवण आली, एवढंच. वडखळपर्यंत पावसाने झोडपलं.

बांधावर दहा-बारा माणसं चिखलात होती. कुठल्या घरचा माणूस आला ते मोजायला म्हातारे महादूदादा उभे होते, हे काम पूर्वीपासून त्यांचंच. कुणाच्या घरचा, त्यांनी विचारलं. मी आत्याचं घर सांगितलं. त्यांनी जवळ येऊन माझं तोंड निरखलं. मग सांगितलं की आत्याच्या शेताची खांड पडली त्या दिवशी ती एकटीच पाटी घेऊन आली होती. घरचा माणूस कुठे, म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाली होती, भाचा निघालाय रोह्यावरनं. पाणी चढेपर्यंत तेच सांगत होती.

दादांनी स्वतःच्या हातातली पाटी माझ्याकडे दिली.

"तवाच मोजलाय तुला," ते म्हणाले. "उचल."