इकडे सर्व खुशाल

फौजेत असताना घरून येणाऱ्या पत्रांतलं पहिलं वाक्य कधी बदललं नाही. इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी. पुढे पत्रं गेली, फोन आले, तरी वाक्य तेच राहिलं. मी 'हॅलो' म्हणायच्या आत बायको सांगून टाकायची, "इकडे सगळं छान आहे हो." मग उरलेला वेळ मी काय जेवलो आणि पायमोजे कोरडे आहेत का, यातच जायचा.

हा नियम माझ्या आईचा. सरहद्दीवरच्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहिलं पाहिजे, म्हणून त्याला वाईट बातमी कळवायची नाही. माझे वडील गेले तेव्हा मी बर्फातल्या एका चौकीवर होतो आणि वाटा बंद होत्या. येणं शक्यच नव्हतं, तेव्हा कळवून काय उपयोग, असं सासू-सुनेनं मिळून ठरवलं. वाटा मोकळ्या झाल्यावर सुट्टी घेऊन झाशीला उतरलो. आई दारात उभी होती. तिचं मोकळं कपाळ पाहिलं आणि मी सामान तिथेच खाली ठेवलं.

पुढे हेच चालू राहिलं. एका सुट्टीत मी मुलीला सायकल शिकवत होतो, तर तिचा डावा हात कोपरात पुरता सरळच होईना. घरी येऊन विचारलं, तेव्हा बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, ते होय, ते जुनं आहे, गच्चीच्या जिन्यावरून पडली होती. मी रागावलो, पण रागावून करणार काय? हाड केव्हाच जुळून गेलं होतं. आणि मी तरी कुठे सगळं सांगत होतो? वर काय काय पाहिलं त्यातलं काहीही न लिहिता मी घरी कळवायचो की इथली हवा फार चांगली आहे.

मात्र पलटणीत उलटा प्रकार होता. सुभेदार झाल्यावर तर जवानांची सगळी दुखणी माझ्यापाशी यायची. कुणाच्या जमिनीचा तंटा, कुणाची बायको माहेरी निघून गेलेली, कुणाचं तान्हं आजारी. मी चहा मागवायचो आणि ऐकून घ्यायचो. परक्या घरांतलं मला इतकं कळत होतं, की माझ्या घरात काही घडतच नसावं असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

निवृत्त होऊन घरी आलो तोवर आई गेली होती. मला एकच हौस होती. सुट्टीवर आलेला पाहुणा म्हणून खूप राहिलो, आता घरचा माणूस व्हायचं. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या झाशीतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि मुलीच्या तोंडी दोन्हींची खिचडी. माणिक चौकातून भाजी आणणं, कूलरच्या जाळ्या बदलणं, बिघडलेलं सगळं दुरुस्त करणं, ही कामं मी झपाट्यानं अंगावर घेतली. पण स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलो की आतलं मायलेकींचं बोलणं थांबायचं आणि माझ्या हातात चहाचा कप यायचा. मुलगी लग्न होऊन भोपाळला गेली, तिथेच नोकरीला लागली. संध्याकाळी दोघींचा फोन चालायचा. मी जवळ गेलो की विषय हवापाण्यावर यायचा. शत्रूची काय खबर, असं मी चिडवायचो. बायको हसायची, पण दोघी मला ताकास तूर लागू देत नव्हत्या.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बायको सकाळी अंगणात मेथी निवडत बसली होती, ती तिथेच कलंडली. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून काही त्रास, काही गोळ्या? मी छाती काढून सांगितलं की हिचं कधी साधं डोकंसुद्धा दुखलेलं नाही. तेवढ्यात मुलीचा फोन आला, शेजाऱ्यांनी तिला कळवलं होतं. ती म्हणाली, बाबा, डॉक्टरांना द्या. डॉक्टर ऐकत गेले आणि लिहीत गेले. हृदयाचं दुखणं, दोन वर्षांपासून. गोळ्यांची नावं मुलीला तोंडपाठ होती. बायको ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्तानं इलाइट चौराह्याजवळच्या एका डॉक्टरकडे जात होती. फौजी दवाखान्यात औषधं फुकट मिळाली असती, पण तिथला प्रत्येक माणूस मला ओळखतो, आणि कुणीतरी मला 'साहब, भाभीजी कैसी हैं' असं विचारलंच असतं. म्हणून ती तिकडे फिरकली नाही.

दुपारी ती गेली. तेव्हा मुलगी भोपाळहून येणाऱ्या रेल्वेत होती, एकटीच. तिनं फोन करून विचारलं, आई कशी आहे? मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "ठीक आहे. तू सावकाश ये." चालत्या गाडीत तिला काय सांगणार होतो? स्टेशनवर उतरल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅग फलाटावर ठेवली.

तेरावं झाल्यावर मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, आईनं शपथ घातली होती. म्हणाली होती, त्यांना सांगू नको, ते काळजी करतील, त्यांनी आयुष्यभर खूप सोसलं आहे. मला इतका संताप आला की आवाज चढला.

"मी कुठल्या चौकीवर होतो गं? पुढच्या खोलीत होतो मी."

ती उठून बॅग भरायला लागली. दुसऱ्या दिवशी भोपाळला गेली.

आता मी एकटाच असतो. शुक्रवारी लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या देवळात जातो, कारण बायको जायची. पहिल्याच शुक्रवारी तिथली फुलवाली म्हणाली, अम्माजी तो यहीं बैठ जाती थीं, सीढ़ी चढ़ते साँस फूलती थी उनकी. म्हणजे फुलवालीलाही माहीत होतं. मी फुलं घेतली आणि बायको बसायची त्या पायरीवर जरा वेळ बसलो. तळ्यावरून वारा येत होता. इतक्या वर्षांत मी तिच्याबरोबर इथे क्वचितच आलो होतो, देवळात जायची वेळ तिची एकटीची, असं आपलं ठरून गेलं होतं.

मुलीचा फोन दिवेलागणीनंतर येतो. बाबा, सब ठीक? सगळं ठीक. खाना खाल्ला? खाल्ला. तुझं कसं? मस्त. जावई तेराव्यालाही आले नव्हते, रजा मिळाली नाही म्हणाली होती. फोनवर जावईबापूंना दे म्हटलं की पहिले काही महिने ते दौऱ्यावर असायचे, मग ऑफिसात, मग झोपलेले. संध्याकाळी सात वाजता कोण झोपतं? इतकी वर्षं जवानांचे चेहरे वाचले आहेत, मला आवाजही वाचता येतो. पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. तिच्या आईला ते नक्की माहीत होतं, आणि आई आता नव्हती, म्हणजे पोर ते एकटीच वागवत होती. मी विचारलं असतं तर तिनं हसून उडवून लावलं असतं. आमच्या घरात तीच रीत. फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की मी टीव्ही लावून, न बघता, कूलरचे सुटे भाग पुसत बसायचो.

परवा फोन आला तेव्हा मी गॅसजवळ उभा होतो. बाबा, सब ठीक? 'हो' तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"नाही, ठीक नाही," मी म्हणालो. "मला इथे करमत नाही. काल दिवसभर कुणाशी बोललो नाही. आज सकाळी दूधवाल्याला उगाच थांबवून घेतलं, तर तो बिचारा घड्याळ बघायला लागला. तुझ्या आईचा अजून राग येतो, आणि तिच्यावाचून घास उतरत नाही."

बोलून गेलो आणि लगेच वाटलं, चूक केली. पोरीला कशाला घोर लावला?

मग ती म्हणाली, "बाबा, मी पण ठीक नाही. बहुत दिन से नहीं हूँ."

मी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसलो. सांग म्हटलं, मी ऐकतोय. तिनं सांगितलं. जावई घर सोडून गेले होते, तिची आई होती तेव्हापासूनच. घटस्फोटाचं चाललं होतं. भोपाळच्या घरात तीही माझ्यासारखीच एकटी राहत होती, आणि रोज संध्याकाळी मला मस्त म्हणत होती. मधे मधे ती रडत होती. मी एकदाही रडू नको म्हणालो नाही, काय करायचं तेही सुचवलं नाही. शेवटी तिनं विचारलं, मी दोन दिवस येऊ का? मी म्हटलं, ये, किंवा मी येतो, तू म्हणशील तसं. तीच येते म्हणाली, शनिवारी.

फोन ठेवला. इतकी वाईट बातमी, आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, कारण ती मला सांगितली गेली होती. मी उठलो आणि सवयीनं अंगणाच्या दारापर्यंत गेलो. बायकोला सांगायचं होतं की मला कळलं.